भिंतीपलीकडची बाई

९ फेब्रुवारी

मावशी,

आईने तुला सांगितलंच असेल की मी चांगली नोकरी सोडली आणि आता एका भाड्याच्या घरात लोकांना भांडायला लावते. तिची तक्रार खरी आहे. मालिकेचं नाव 'हळू बोला'. इंटरनेटवर टाकतो, एकेक भाग सात-आठ मिनिटांचा. नवराबायको नवीन घरात राहायला आलेत आणि भिंती इतक्या पातळ आहेत की त्यांना धड भांडताही येत नाही. एवढीच गोष्ट.

आम्ही चौघं आहोत. मी लिहिते आणि सांगते, असं कर, तसं कर. लंब्या कॅमेरा धरतो. कॉलेजात माझ्या मागच्या बाकावर बसायचा तोच, दारातून वाकून येणारा. नवऱ्याचं काम करणारा, ज्याला आम्ही दाढी म्हणतो, शाळेत गणित शिकवतो. बायको होणारी बँकेत आहे, म्हणून तिला सगळे बँकवाली म्हणतात. तिला फक्त रविवारी वेळ असतो.

कॅमेरा एकच. दिवे नाहीत, एक खिडकी आहे, त्यामुळे आमच्या नवराबायकोचं सगळं आयुष्य खिडकीशेजारी चालतं. पंख्याचा आवाज येतो म्हणून तो बंद ठेवतो, मग दाढीला घाम फुटतो, आणि लोक लिहितात की बायकोला घाबरणाऱ्या माणसाचा घाम इतका खरा कधी पाहिला नव्हता. बँकवालीला ऊन उतरायच्या आत निघायचं असतं, म्हणून भाग एका दमात घेतो. कोणी अडखळलं तर अडखळणं तसंच राहतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आम्हाला अंथरूणच नाही, म्हणून पाय दुमडून झोपायची जी तऱ्हा सापडली तिला लोक आमची शैली म्हणायला लागलेत.

आता कामाचं. शेजारच्या घरात ऐन संवादाच्या वेळी मिक्सर लागतो. त्यांना सांगून पाहिलं, पण त्यांचं घर आहे, ते चटणी वाटणारच. म्हणून मी ठरवलंय की भिंतीपलीकडे एक बाई राहते, मिक्सर तिचाच, असं दाखवायचं. म्हणजे दाखवायचं नाहीच, ऐकवायचं. ती कधी दिसणार नाही. फक्त आवाज.

तो आवाज तुझा हवा आहे. तुला इथे यायला नको. घरी बसून फोनवर रेकॉर्ड करून पाठवलंस की झालं.

ठकी

•

१७ फेब्रुवारी

ठके,

तुझे भाग तुझ्या काकांनी मला दाखवले. मी फार वेळ पडद्याकडे बघत नाही, उजवा डोळा पूर्ण मिटत नाही, कोरडा पडतो. तरी सगळे पाहिले. दाढीवाला चांगला आहे. मुलगी पहिल्या भागात हातांचं काय करावं या विवंचनेत होती, तिसऱ्यात विसरली, तेव्हा छान झाली. तिला सांगू नकोस, नाहीतर पुन्हा आठवेल.

आवाजाचं म्हणशील तर नाही.

तुझ्या आईने तुला लिहायला लावलं असणार. 'ती दार लावून बसते, तिला काहीतरी काम दे.' मी तिची थोरली बहीण आहे, तिचं मन मी तिच्या आधी ओळखते. पण असू दे, तुझ्यावर राग नाही. एकदाच सांगते, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस.

मी उभी हयात चेहऱ्यावर पोट भरलं. भुवई उचलली की शेवटच्या रांगेपर्यंत हशा जायचा. त्या आजारात चेहऱ्याची नस गेली आणि उजवी बाजू झोपली ती झोपलीच. डॉक्टर म्हणाले, जेवढं परत यायचं तेवढं आलं. नाटक कंपनीने माझ्या जागी दुसरी घेतली, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण तुला वाटतं की चेहरा गेला तरी आवाज शाबूत आहे, तर तेही खरं नाही. ओठ उजवीकडे नीट मिटत नाहीत. प, फ, ब, भ, म. ही पाच अक्षरं तोंडातून वाऱ्यासारखी निसटतात. म्हणून तर फोनवर बोलत नाही, पत्रं लिहिते. कागदावर माझा 'म' अजून देखणा आहे.

तुझ्या आठवणीत मला नाटकवाली मावशीच राहू दे.

मावशी

•

२६ फेब्रुवारी

मावशी,

बरं. पुन्हा विचारत नाही.

फक्त भिंतीपलीकडच्या बाईचे संवाद सोबत पाठवतेय. कोणाला तरी देणारच आहे, त्याआधी तू एकदा मोठ्याने वाचून सांग, बाई जिवंत वाटते का. संवाद कुठे लांबला ते तुझ्याइतकं कोणाला कळत नाही.

आईने मला काही लिहायला लावलं नव्हतं, हेही सांगून ठेवते. तिला तर हे पत्र गेलंय हेसुद्धा माहीत नाही.

ठकी

•

६ मार्च

ठके,

तू मला लबाड वाटली नव्हतीस.

आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. 'ऐकलं. सगळं ऐकलं. आता निकाल लागेल तो हळू आवाजात लागू द्या.' बाईचा ठसका आवडला. पुढे, 'रडायचं तर नळ सोडून रडा, शेजारी लोक राहतात.' मी हसले. डावीकडून हसले, पण हसले. पुन्हा आरशासमोर वाचायला घेतलं, आणि पान संपलं तरी ओठ एकदाही मिटले नाहीत. मला वाटलं योगायोग. बोट ठेवून शोधलं. तीन पानं, आणि त्यांत एक 'म' नाही, एक 'प' नाही. एवढं बोलते ती बाई, आणि तिला माहेर नाही, बाप नाही, भांडी नाहीत.

मला इतका राग आला की पत्र लिहायला बसले ते खाडाखोड करून फाडलं. आंधळ्यासमोरचं सामान हलवून ठेवावं तसं तू माझ्यासमोरची अक्षरं उचललीस, तेही न सांगता. तुझे काका म्हणाले, 'एवढी चिडलीस तर फाडून टाक ना संवाद.' मी म्हटलं, 'संवाद कशाला फाडू, चांगले आहेत.'

मग विचार केला. आमच्या काळीही नट उंच असला तर दार मोठं करायचे नाहीत, त्याला वाकून यायला लावायचे, आणि त्या वाकण्यावर टाळी यायची. तू दार केलंस आणि मला वाकायला लावलंस. धंद्याची रीत बरोबर आहे.

तर मी करते. पण एक अट. दर भागात मला एक 'म' हवा, जड, वाक्याच्या तोंडाशी. मी गालाला बोट लावून ओठ मिटवेन. निसटला तर निसटला. ती बाई म्हातारी आहे, तिचं एखादं अक्षर सांडलं तर सांडू दे, पण तिला माहेर असू दे.

पहिला भाग रेकॉर्ड केलाय. कपड्यांच्या कपाटात तोंड घालून बोलले, बाहेर काका दार धरून उभे होते, कारण ते आपोआप उघडतं. तेवढं करकरणं ऐकू आलं तर सांभाळून घे.

मावशी

•

२ मे

मावशी,

करकरणं आम्ही ठेवलं. लोकांना वाटतं ती बाई खुर्ची भिंतीला टेकवून ऐकत बसते.

तुला काय सांगू आणि काय नको असं झालंय. रेकॉर्डिंगसोबत तू लिहून पाठवलेल्या सूचना आम्ही वाचल्याच नाहीत, कारण गरजच पडली नाही. तुझं रेकॉर्डिंग लंब्या न्हाणीघराच्या दाराआडून वाजवतो. कॅमेऱ्यामागून पायाच्या अंगठ्याने दोरी ओढतो, मग आतल्या फोनवर तुझा आवाज सुरू होतो. त्यामुळे प्रत्येक वेळी जरा उशीर होतो. तेवढा वेळ दाढी आणि बँकवाली भिंतीकडे बघत थांबतात. आता बाई बोलणार, आता बोलणार. पहिल्या भागात ती चूक होती. दुसऱ्यात आम्ही ती दुरुस्त केली तर मजाच गेली. तिसऱ्यापासून पुन्हा उशीर. आता लोक त्या थांबण्यावरच हसतात, तू तोंड उघडायच्या आधी.

बसथांब्यावर दोन मुली भांडत होत्या, एक दुसरीला म्हणाली, 'निकाल लागेल तो हळू आवाजात लागू दे.' मी शेजारी उभी होते. मग मी घरापर्यंत चालत गेले, बसमध्ये मला बसवलंच नसतं.

आणि तुझा 'म'. 'माझ्या माहेरी असं नव्हतं' या वाक्याला तो पहिला 'म' येतो ना, जरा ओला, जरा निसटता. एकाने लिहिलंय, 'ही बाई रडू दाबून बोलते की हसू, ते कळत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा ऐकतो.' मी ते वाक्य कागदावर उतरवून भिंतीला लावलंय.

एका मोठ्या कंपनीने भेटायला बोलावलंय. काय होतं ते कळवते.

ठकी

•

३० जून

ठके,

बऱ्याच दिवसांत पत्र नाही. कामात असशील.

काकांनी बातमी वाचून दाखवली. तुमची मालिका कंपनी करणार, मोठी इमारत उभारून, आणि भिंतीपलीकडच्या बाईचं काम आता एक नामांकित नटी करणार. मी त्यांना रंगमंचावर पाहिलंय. जातीच्या कलावंत आहेत. शोभा येईल.

माझी रेकॉर्डिंगं तुमच्याकडे आहेत ती पुसलीत तरी चालेल. आणि मला सांगायला अवघड वाटलं म्हणून तू गप्प राहिली असशील तर तसं काही वाटून घेऊ नकोस. नट बदलतात. मी हे आधी पाहिलेलं आहे.

मनापासून अभिनंदन.

मावशी

•

५ जुलै

मावशी,

तुझं पत्र वाचून मी जिन्यातच बसले. आता सगळं सांगते, क्रमाने.

कंपनीच्या बाईंनी आम्हाला बोलावलं. स्वभावाने चांगल्या, स्पष्ट. म्हणाल्या, सगळं आम्ही करू, पण भिंतीपलीकडची बाई दिसली पाहिजे. लोकांना तिचा चेहरा बघायचाय. तुमच्या मूळ बाईंना आणा. मी म्हटलं, 'ती कॅमेऱ्यासमोर येत नाही.' तुला न विचारता म्हटलं. मला वाटलं मी तुला सांभाळतेय. मग त्यांनी त्या नटींना घेतलं आणि म्हणाल्या, एक भाग करून बघू. लंब्या, दाढी, बँकवाली तिघांचे डोळे माझ्यावर. मी हो म्हटलं. तुला कसं लिहावं ते सुचेना, म्हणून लिहिलं नाही.

कंपनीने चित्रीकरणासाठी घर बांधलं, मावशी. खरं सांगते, आमच्या घरापेक्षा चांगलं. चार कॅमेरे. भिंत तर अशी की कळ दाबली की बाजूला सरकते आणि पलीकडे त्या नटी खुर्चीत बसलेल्या दिसतात. दिवे सगळीकडून, त्यामुळे खिडकीशी जायचं कोणाला कारणच उरलं नाही. थंड हवेचं यंत्र, त्यामुळे दाढी कोरडा. बँकवाली रजा काढून आली, चारही बाजूंनी पुन्हा पुन्हा तेच बोलली, आणि संध्याकाळी मला म्हणाली, 'माझं भांडण शिळं झालं.'

तयार भाग आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. एकही चूक नव्हती आणि कोणी हसलं नाही. नाकापेक्षा मोती जड झाला होता. दिवे लागल्यावर त्या नटीच आधी बोलल्या. म्हणाल्या, 'मला दाखवलंत तिथेच मी संपले. भिंतीमागे होते तोवर मी कोणीही होते.' तेवढं बोलून त्यांनी ते काम सोडलं. जाताना माझा हात हातात घेतला.

कंपनीच्या बाई विचार करून म्हणाल्या, 'तुमच्या घरात, तुमच्या पद्धतीने एक भाग करून आणा. भिंत तशीच राहू दे. पण पडद्यावर एक नवा चेहरा द्या, तीच दोन माणसं बघून लोक कंटाळतील.' चांगली नटी शोधतोय. हा शेवटचा दरवाजा आहे. बंद झाला तर दाढी पूर्णवेळ शाळेत आणि मी पुन्हा नोकरीत.

रेकॉर्डिंगं पुसलेली नाहीत. ती कोणी पुसणारही नाही.

ठकी

•

१० जुलै

ठके,

मी कॅमेऱ्यासमोर येत नाही, हे तुला कोणी सांगितलं? मी सांगितलेलं मला आठवत नाही. मी आवाजाला नाही म्हटलं होतं, आणि तेही तुझ्या तीन पानांनी खोटं पाडलं.

नवा चेहरा हवा म्हणतात ना? माझ्याकडे आहे. अर्धा तर अगदीच नवा आहे, अजून कोणी पाहिलेला नाही.

नीट ऐक. घरमालक आवाजाच्या तक्रारींची चौकशी करायला एक बाई पाठवतो. कडक. कागदांची पिशवी घेऊन येते, खुर्चीत बसते, भिंतीपलीकडच्या बाईची साक्ष घेते. आणि दोघींचं जुंपतं. दोन्ही कामं मी करणार. एक बाई कधी दिसतच नाही, तेव्हा एका नटीने दोघी करायला तुला कसली किमया लागणार आहे? दोरी ओढायला लंब्याचा अंगठा पुरे.

खुर्ची अशी ठेव की माझी उजवी बाजू त्या नवराबायकोकडे आणि डावी तुझ्या कॅमेऱ्याकडे. त्यांना दगड दिसू दे. बिचारे थरथर कापतील. दगडामागे काय चाललंय ते फक्त बघणाऱ्याला दिसेल. तुझा कॅमेरा एका जागी खिळलेला असतो म्हणून हे जमेल. चार असते तर गुपित फुटलं असतं.

मला किती महिन्यांनी हे सुचलं माहीत आहे? आज सकाळी. दात घासताना. आरशात उजवी बाजू डावीकडे इतक्या तुच्छतेने बघत होती की मी ब्रश हातात धरून तशीच उभी राहिले.

सोमवारी निघते. काका सोडायला येतील, त्यांना लगेच परत पाठव, तालमीत ते मध्ये मध्ये बोलतात.

मावशी

•

२१ सप्टेंबर

मावशी,

तू काम उरकून परत गेलीस आणि दाखवायच्या दिवशी यायचं नाही म्हणालीस. 'नटाने स्वतःचा हशा मोजू नये.' म्हणून तो तुला मी सांगते.

कंपनीने सभागृह घेतलं होतं. त्यांची माणसं, मालिका बघणारे काही लोक, आणि मागे एका रांगेत नाटकवाले. लंब्याला बसवेना, तो खांबाशी उभा राहिला. त्याच्यामुळे तीन जणांना दिसेना, त्यांनी त्याला खाली बसवलं.

तू दारातून आत आलीस तेव्हा सभागृह गप्प झालं. मला ती शांतता आवडली नाही. लोक चेहरा बघत होते. कोणीतरी श्वास घेतलेला ऐकू आला. तू खुर्चीत बसलीस, दगडी बाजू दाढीकडे केलीस आणि गालाला बोट लावून म्हणालीस, 'मालकांनी पाठवलंय.' दाढीचा घाम टपकला. पहिला हशा तिथे, छोटा. मग भिंतीमागून तुझाच आवाज आला, 'कोण आलं? आवाज ओळखीचा आहे.' आणि इकडे तुझी डावी भुवई जराशी वर गेली.

तेवढीच भुवई, आणि सभागृह फुटलं.

पुढे मला संवाद ऐकूच आले नाहीत. दोघी एकमेकींना खोटं पाडताहेत, उजवी बाजू हलत नाही, डावी एकटीच पूर्ण नाटक करतेय. माझ्या शेजारचे गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. तू शेवटी उठतेस, पहिल्यांदा सरळ कॅमेऱ्याकडे वळतेस आणि संपूर्ण चेहरा दिसतो. मला भीती होती की तिथे हशा थांबेल. थांबला. मग तू म्हणालीस, 'तक्रार बरोबर आहे. पण भांडण त्याहून बरोबर आहे. चालू द्या.' लोक उभे राहिले. भाग अजून संपला नव्हता आणि लोक उभे होते. बँकवाली माझा दंड धरून रडत होती, वर म्हणत होती, 'नळ कुठे आहे, नळ.'

कंपनीच्या बाई बाहेर भेटल्या. म्हणाल्या, 'त्याच घरात करा. एकच कॅमेरा. मी काही पाठवणार नाही, पाठवलं तरी परत करा.' पुढच्या दोन मालिकांचा करार झाला. चौघांनी सही केली. दाढीने शाळेत अर्धा वेळ मागून घेतलाय, गणित पूर्ण सोडायला तो तयार नाही. पाचवी सही तुझी आहे. कागद सोबत पाठवलाय.

आई शेवटच्या रांगेत होती. मला माहीतच नव्हतं. जाताना एवढंच म्हणाली, 'माझी बहीण आहे ती.' शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला.

ठकी

•

२९ सप्टेंबर

ठके,

सही करून कागद परत पाठवला आहे. काकांनी चार वेळा वाचला आणि शेवटी विचारलं, 'यात कपाटाचं दार धरणाऱ्याचं नाव कुठे आहे?' पुढच्या मालिकेत टाक, नाहीतर घरात शांतता राहणार नाही.

भाग सगळीकडे गेला तशी मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम बाजारात गेले. तोंडावर पदर घेतला नाही, काळा चष्मा घातला नाही. लोक बघत होते. नजर मला ओळखता येते. आजारानंतरची नजर वेगळी असते, चटकन येते आणि चटकन खाली जाते. ही खाली जात नव्हती. भाजीवाल्याने वजन करता करता गालाला बोट लावलं आणि म्हणाला, 'मालकांनी पाठवलंय.' मी त्याला डावीकडून नाही, जेवढं जमेल तेवढं पूर्ण हसून दाखवलं.

आणि आता ऐक. काल नाटक कंपनीचे व्यवस्थापक घरी आले होते. तुझ्या त्या मागच्या रांगेत तेही बसले होते म्हणे. नवीन नाटक आहे, मुख्य काम माझ्यासाठी लिहून घेतलंय. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलले, चहा गार झाला. मग दबक्या आवाजात म्हणाले, 'बाई, काळजी करू नका. आम्ही दिव्यांची योजना अशी करू, की उजवी बाजू अंधारात राहील.'

मी म्हटलं, 'उजेड समोरून टाका. सगळा.'

काका आतून म्हणाले, 'लिहून घ्या, ती दोनदा सांगत नाही.' त्यांनी लिहून घेतलं.

तालीम उद्यापासून आहे. रविवार मी तुमच्यासाठी राखून ठेवलाय, तसं त्यांनाही सांगितलंय. पहिल्या प्रयोगाला पुढच्या रांगेत बस, आणि लंब्याला मागे बसव.

मावशी